दोन बोटं अंतर

आपल्याकडे पाण्याकडे उतरायची रीत आहे. घाट असो, बारव असो, देवळामागचं तळं असो, पायऱ्या खाली जातात आणि शेवटची पाण्यात बुडालेली असते. अमेरिकेतल्या उपनगरी परसात मात्र पाण्याकडे चढून जावं लागतं. न्यू जर्सीत मराठी माणसांची वस्ती असलेल्या कुठल्याही गावात मे महिन्यात मागच्या गल्लीने चक्कर मारली, तर दर चार-दोन घरांमागे एक निळा गोल हौद दिसेल. जमिनीत खणलेला नाही, जमिनीवर ठेवलेला. इंग्रजीत त्याला ‘अबव्ह ग्राउंड पूल’ म्हणतात. आपल्या भाषेत पूल म्हणजे नदीवरचा, तेव्हा खरं तर हौद हाच शब्द त्याला चपखल बसतो. हौदाला लावलेली शिडी चढून पलीकडे उतरायचं, ही पहिल्या उन्हाळ्यातली मजा. दुसऱ्या उन्हाळ्यात ओला टॉवेल ठेवायचा कुठे आणि देशातून आलेल्या आईबाबांनी बसायचं कुठे, असे प्रश्न पडतात आणि घरात ‘डेक’ हा शब्द सुरू होतो.

डेक म्हणजे लाकडी ओटा. दोन-तीन शनिवार-रविवारचं काम, असं सगळ्यांना वाटतं. लाकूडकाम तसं खरंच अवघड नाही. अवघड असतं ते शेजारी उभ्या असलेल्या त्या हौदाचा स्वभाव ओळखणं.

२४ फूट व्यासाचा, ५२ इंच भिंतीचा हौद घ्या. परसात बहुधा हेच माप दिसतं. त्यात ४ फूट पाणी भरलं की ते सुमारे ५१ हजार लिटर होतं, म्हणजे ५१ टन. हे वजन भिंतीवर नसतं, खालच्या जमिनीवर असतं. भिंतीचं काम पाण्याला बाहेर सांडू न देणं. पिंपाला जसं लोखंडी कडं घातलेलं असतं तसा हा अख्खा पत्राच एक कडं आहे. पाणी चहूबाजूंनी सारखं ढकलतं, पत्रा ताणला जातो आणि त्या ताणातच त्याची ताकद असते. तळाच्या फूटभर पट्ट्यात हा ताण टनाच्या वर जातो, तरी तो पातळ पन्हळी पत्रा निमूट उभा असतो. पण त्याच पत्र्यावर वरून किंवा बाजूने एका जागी भार द्या, तो डब्यासारखा चेपेल. माथ्यावरची रेल भिंतीला झाकण आणि आकार द्यायला असते. ती उभं राहायलाही नाही, तुळई टेकवायला तर नाहीच.

म्हणून पहिला नियम: डेकचा एकही खिळा, एकही फळी हौदाला लागता कामा नये. डेकने स्वतःच्या पायावर उभं राहायचं आणि हौदाच्या अगदी जवळ येऊन थांबायचं. किती जवळ? दोन बोटं. सव्वा इंच, फार तर दीड.

या दोन बोटांमागे भिंतीच्या नाजूकपणाखेरीज आणखी दोन कारणं आहेत, आणि तीच जास्त लोक विसरतात. एक म्हणजे थंडी. न्यू जर्सीत हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते आणि गोठताना फुगते. हौद नुसता दाबलेल्या माती-वाळूवर बसलेला असतो, तो जमिनीबरोबर किंचित वर-खाली होतो. डेकचे खांब मात्र गोठणरेषेच्या खाली उतरलेल्या काँक्रीटवर असतात, ते हलत नाहीत. एक हलणारा, एक न हलणारा. दोघांना एकत्र बांधलं तर कुणाचं तरी मोडणार, आणि पत्रा लाकडापेक्षा आधी मोडतो. दुसरं कारण म्हणजे आतलं विनाइलचं अस्तर. त्याचं आयुष्य दहाएक वर्षं धरा, उन्हा-क्लोरीनने कमीही होतं. ते बदलताना माथ्यावरची रेल सोडवावी लागते. ज्यांनी फळ्या दिसायला छान म्हणून रेलवर आणून ठोकलेल्या असतात, ते त्या दिवशी कारागिराला अस्तराचे पैसे देतात आणि अर्धा डेक उखडायचेही.

आता बांधणी. जुन्या वाड्यातला कडीपाट आठवत असेल तर डेक समजायला पाच मिनिटं पुरे. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट. इथे कड्यांना जॉइस्ट म्हणतात आणि पाटांना डेकिंग, रचना तीच. फरक इतकाच की वाड्याचा कडीपाट चार भिंतींत घट्ट बसलेला असतो आणि हा उघड्यावर, चारी बाजूंनी मोकळा.

हौदाला पूर्ण वेढा घालायचा मोह होतो. तो आवरावा. २४ फुटी हौदाभोवती आठ बाजूंचा सांगाडा केला तर प्रत्येक कोपऱ्यात हौद आणि चौकट यांच्यात जवळपास फूटभर पोकळी राहते, बारा बाजूंचा केला तर पाच इंच, सोळा केला तर तीन. म्हणजे फट कमी हवी तर तुकडे, सांधे, खांब आणि खड्डे वाढवत न्यायचे. त्यात पंप-फिल्टरही डेकच्या पोटात जातो. एका बाजूला एक ऐसपैस ओटा, ज्याच्या एका कडेत हौदाने कमानीसारखा घास घेतलाय, हे सगळ्यात शहाणपणाचं.

मापं धरून बोलू. ओटा १६ फूट रुंद. रेलसकट हौदाचा व्यास २५ फूट होतो. १६ फुटांच्या रुंदीत त्याची कमान मध्यावर जवळपास ३ फूट आत शिरते. मध्यावर १० फूट खोली हवी असेल तर दोन्ही टोकांना ती १३ फूट होते. ८ खांब, त्यातले ४ बाहेरच्या कडेला, ४ हौदाच्या बाजूला. कड्या दोन बाय आठच्या, १६-१६ इंचांवर, एकूण १३. तुळया दोन बाय दहाच्या जोडून दुहेरी. लाकडाच्या वखारीत ‘दोन बाय आठ’ म्हणून जे मिळतं ते प्रत्यक्षात दीड बाय सव्वासात इंच असतं आणि ‘दोन बाय दहा’ दीड बाय सव्वानऊ. कागदावर पूर्ण माप धरलं की उंचीचा हिशेब दीड इंचाने चुकतो आणि तो जिन्यापाशी पोहोचल्यावर कळतो.

बहुतेक नवखे अडतात ते हौदाकडच्या तुळईपाशी. बाहेरची तुळई सरळ असते, तिचा प्रश्न नाही. आतली सरळ टाकली तर मध्यावर ती हौदापासून दोन फुटांवर येते आणि टोकांना पाच फुटांवर. म्हणजे टोकाच्या कड्या तुळईपुढे पाच फूट अधांतरी. अधांतरी भागाचा ढोबळ नियम असा, की कडी मागे दोन तुळयांमध्ये जितकी लांब आहे तिच्या चौथाईहून जास्त पुढे लोंबू नये. आठ फुटांमागे दोन फूट. इथे पाच फूट म्हणजे उडी मारायची फळीच झाली. म्हणून आतली तुळई हौदाच्या वळणाने तीन तुकड्यांत मोडायची. ४ खांब हौदाच्या रेलपासून २ फुटांवर, हौदाच्याच वळणावर, आणि त्यांच्यामध्ये तीन सरळ तुळया. मधल्या दोन खांबांवर तुळयांची दिशा सुमारे २२ अंशांनी वळते, तेव्हा प्रत्येकीचं टोक ११ अंशांनी तिरकं कापून एकमेकींना भिडवायचं. इथे चार बाय चारचा खांब पुरत नाही. सहा बाय सहाचा घेतला, म्हणजे प्रत्यक्षात साडेपाच इंचांचा, की दोन्ही तुळयांना बुड टेकायला दीड-दीड इंच लाकूड नीट मिळतं. तुळई खांबाच्या कुशीला नुसत्या बोल्टवर टांगू नये. ती खांबाच्या डोक्यावर बसली पाहिजे.

अशी मोडलेली तुळई टाकली की कड्या पावणेदोन ते अडीच फूट पुढे येतात आणि मागे सव्वाआठ ते साडेदहा फूट राहतात. चौथाईचा नियम कुठेही तुटत नाही. तरी कड्यांची मागची टोकं बाहेरच्या तुळईला गॅल्वनाइज्ड पट्ट्यांनी पक्की बांधा. हौद म्हटला की माणसं पाण्याच्याच कडेला जमतात, वाढदिवसाला तर वीस जण एका रांगेत. तो सगळा भार अधांतरी भागावर येतो आणि मागची टोकं उचलली जाऊ पाहतात.

खांब रेलपासून दोन फूट लांब ठेवण्यात दुसराही हिशेब आहे. हौदाच्या पायाशी खड्डा खणला तर ज्या मातीवर ५१ टन बसलेत तीच सैल होते. शिवाय नियमाप्रमाणे बसवलेल्या हौदाभोवती जमिनीत ४ ते ६ इंच खाली, आतल्या भिंतीपासून १८ ते २४ इंचांवर, तांब्याची एक उघडी तार गोल फिरवलेली असते. ८ गेजची, अखंड, सव्वातीन मिलिमीटर जाड. हौद, पंप आणि आसपासचा धातू एकाच विद्युत पातळीवर राहावा, ओल्या अंगाने एकीकडे पाणी आणि दुसरीकडे धातू धरणाऱ्याला झटका बसू नये, म्हणून ती असते. खड्डे खणायचं भाड्याचं मशीन ती सुतासारखी तोडतं आणि चालवणाऱ्याला कळतही नाही. दिवे लागतात, पंप चालतो, सगळं जागच्या जागी. म्हणूनच ते धोक्याचं. हौदाकडचे चार खड्डे निदान वरचा फूटभर तरी हाताने, फावड्याने खणावेत. तार तुटलीच तर इलेक्ट्रिशियनला बोलावून मंजूर क्लँपने जोडून घ्यायची, नुसती पीळ देऊन पुरायची नाही. धातूचा कठडा पाण्यापासून ५ फुटांच्या आत येणार असेल तर तोही या तारेला जोडावा लागतो. लाकडी कठड्याला ही कटकट नाही.

खणण्याआधी ८११ ला, म्हणजे जमिनीखालच्या तारा-नळ्या दाखवून देणाऱ्या सेवेला, फोन. ही सेवा फुकट आहे आणि तीनेक कामाचे दिवस आधी सांगावं लागतं. माणसं येऊन गवतावर रंगाने रेघा मारून जातात: लाल विजेची, पिवळी गॅसची, नारिंगी फोन-केबलची, निळी पिण्याच्या पाण्याची, हिरवी गटाराची. पण ते मीटरपर्यंतचंच दाखवतात. घरातून पंपापर्यंत आधीच्या मालकाने ओढलेली वायर त्यांच्या नकाशात नसते. पंपाच्या खांबापाशी वायर जमिनीत कुठे शिरते ते आपणच बघायचं.

टाउनशिपची परवानगीही याच टप्प्यावर. कुंपणापासून किती अंतर सोडायचं, पाया किती खोल, हे गावागणिक बदलतं. न्यू जर्सीत पायाला साधारण ३ फूट खोली धरतात. मॅसॅच्युसेट्समध्ये ४ फूट लागतात, टेक्ससमध्ये गोठण्याची चिंता फारशी नसली तरी फुगणारी चिकणमाती तेच काम दुसऱ्या तऱ्हेने करते. एक गोष्ट मात्र जवळपास सगळीकडे सारखी: काँक्रीट ओतण्याआधी तपासनीस रिकामा खड्डा पाहून जातो. शुक्रवारी खणून सोमवारची तपासणी लावली आणि मध्ये पाऊस आला, की खड्ड्यांच्या भिंती ढासळतात आणि तळाशी चिखल. तो चिखल उपसूनच ओतावं लागतं. आदल्या दिवशी खणा, वरून प्लायचे तुकडे झाका.

१२ इंची पुठ्ठ्याची नळी उभी करून त्यात काँक्रीट भरतात, पण नुसती नळी पुरत नाही. हौदाकडच्या मधल्या खांबावर पावणेदोन हजार पौंडांच्या आसपास भार येतो. साधी माती चौरस फुटाला १,५०० पौंड सोसते असं धरलं तर १२ इंची नळीचं बूड पाऊण चौरस फुटांचं, म्हणजे अपुरं. तळ १८ इंच रुंद करून ८ इंच जाडीचा पाया आणि त्यावर नळी, असं करावं. गोठणारी जमीन सरळ नळीपेक्षा अशा पायथ्याला वर ओढूही कमी शकते. नळी जमिनीच्या ६ इंच वर काढली तर एका खड्ड्याला ८० पौंडांची ६ पोती लागतात. आठ खड्ड्यांना ४८, म्हणजे पावणेदोन टन. हे आकडे आधी माहीत असले की आपल्या छोट्या गाडीतून दहा फेऱ्या मारण्याऐवजी माणूस ट्रक मागवतो. खणून निघालेली माती हौदाच्या भिंतीला लावून ठेवू नका. ओली माती पत्र्याला चिकटून राहिली की एका मोसमात गंज धरतो.

आता उंची. डेकचा पृष्ठभाग रेलच्या ३ इंच खाली ठेवावा, म्हणजे ५२ इंची भिंतीला ४९ वर. रेलच्या वर किंवा बरोबरीला आणलं की लोक रेलवर पाय देऊन पाण्यात उतरतात. ४९ मधून फळीचा १ इंच, कडीचे सव्वासात आणि तुळईचे सव्वानऊ वजा केले की खांबाचं डोकं जमिनीपासून साडेएकतीस इंचांवर येतं. काँक्रीटचे ६ आणि खांबाच्या धातूच्या बैठकीचा १ काढला तर खांब जेमतेम दोन फुटांचा उरतो. ही बैठक खांबाला काँक्रीटपासून इंचभर वर धरते, नाहीतर लाकडाचं बूड कायम ओलं राहतं. उंची मोजताना पाणसळ घेऊन आधी रेलच चहूकडून तपासा. हौद एका बाजूला अर्धा-पाऊण इंच कललेला असतोच, आणि कुठेही पाणी भरलेलं असलं की तो कल सगळ्यांना दिसतो. डेकच्या बाजूला रेल जिथे सगळ्यात खाली आहे तिथून ३ इंच मोजायचे आणि डेक पाणसळीत ठेवायचा. हौदाच्या कलाशी जुळवायला डेक तिरका करू नये.

खांब इतके बुटके दिसतात की तिरकस आधार वगळायचा मोह होतो. घराला न जोडलेला डेक कुणावरच रेलत नाही. चार मुलं एकदम धावली तर तो अख्खा सरकून डुलतो. ते डुलणं अर्धा-पाऊण इंच जरी असलं तरी आपली दोन बोटं त्यातच खपतात आणि फळ्या रेलला धडका देऊ लागतात. प्रत्येक खांबापासून तुळईला ४५ अंशांत दोन बाय चारचा टेकू, तसाच कड्यांच्या दिशेनेही, आणि कड्यांच्या पोटाखालून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक लांब तिरकी पट्टी. एवढ्याने डेक ओसरीसारखा ठाम होतो.

मग कमान. वर्तुळ काढायला केंद्रात खुंटी मारून दोरी फिरवायची, हे शाळेत शिकलेलं. इथे केंद्र चार फूट पाण्यात आहे. बरं, रेलही खरी गोल नसते. ती सरळसर तुकड्यांची असते आणि प्रत्येक सांध्यावर एक टोपी बाहेर आलेली. शिवाय डेक रेलच्या खाली असल्यामुळे कड्या आणि फळ्या जास्त लांब बसवून जागेवर कापता येत नाहीत, पुढे पत्रा आडवा येतो. रेलच्या वर डेक नेणारे सुतार बहुतेक वेळा याच कंटाळ्याने नेतात, सौंदर्यदृष्टीने नव्हे. यावर उपाय साधा. पाव इंची प्लायच्या ४ बाय ८ च्या दोन शीट टोकाला टोक जोडल्या की बरोबर १६ बाय ४ होतं, आणि आपली कमान ३ फूट खोल. शीट स्टुलांवर रेलच्या उंचीला धरायच्या, रेलच्या वळणाने ढोबळ कापून जवळ न्यायच्या आणि सव्वा इंच जाडीच्या ठोकळ्याला पेन्सिल लावून तो रेलवरून फिरवायचा. टोप्यांपाशी रेघ उसळ्या मारते. त्या उसळ्यांची बाहेरची टोकं एका लवचीक पट्टीने जोडून गुळगुळीत कमान काढायची. जिग-सॉने कापली की साचा तयार.

हा साचा दोनदा कामाला येतो. ड्राइव्हवेवर तो सपाट ठेवून कड्या १६-१६ इंचांवर मांडायच्या आणि त्यांची टोकं आखायची, फळीच्या कडेपासून दीड इंच आणि कड्यांच्या टोकांमध्ये बसणाऱ्या आडव्या ठोकळ्यांची जाडी सोडून. मधल्या कडीचं टोक जवळजवळ काटकोनात कापलं जातं, बाहेर जावं तसं तिरकं होत जातं, आणि अगदी टोकाच्या कडीला ४० अंश लागतात. साधी सर्क्युलर सॉ ४५ पर्यंत झुकते. १६ फुटांची रुंदी घेतली ती यासाठीही. १८ फूट घेतली असती तर शेवटचा काप करवतीच्या आवाक्याबाहेर गेला असता. लांबीची गफलत झाली तर ती बाहेरच्या अंगाला पडू द्या. ११ कड्या १२ फुटी आणि टोकाच्या दोन १४ फुटी आणायच्या, हौदाकडचं टोक नेमकं बसवायचं आणि जास्तीचं बाहेरच्या बाजूला सुतळीने सरळ रेघ मारून उडवायचं.

लाकूड बहुधा दक्षिणेकडचं पिवळं पाइन, दाबाखाली रसायन मुरवलेलं. पूर्वी त्यात आर्सेनिक असायचं. घरगुती वापरासाठी ते २००३ च्या अखेरीस बंद झालं आणि तांब्यावर आधारलेली रसायनं आली. तांबं साध्या पोलादाला खातं, म्हणून स्वस्तातले झिंक मुलामा दिलेले स्क्रू या लाकडात टिकत नाहीत. सगळे सांधे, पट्ट्या, बोल्ट जाड गरम-गॅल्वनाइज्ड. पाण्यालगतच्या पहिल्या चार-पाच ओळींना ३१६ प्रतीचं स्टेनलेस, कारण तिथे क्लोरीनचं किंवा मिठाचं पाणी रोज उडतं. महाग वाटेल, पण ते मोजकेच स्क्रू आहेत. सगळ्या डेकला मिळून ६०० च्या आसपास लागतात, अडीच इंची, प्रत्येक कडीवर दोन. वखारीत लाकडावरची चिठ्ठी वाचा. खांबांना जमिनीच्या संपर्कासाठीचा दर्जा हवा, आणि हौदाशेजारी कड्या-तुळयांनाही तोच घेतलेला बरा. कापलेलं प्रत्येक टोक तांब्याच्या द्रावणाने रंगवायचं, कारण रसायन गाभ्यापर्यंत पोहोचलेलंच असतं असं नाही. या लाकडाचे तुकडे शेकोटीत टाकायचे नाहीत.

लाकूड-प्लास्टिकच्या मिश्र फळ्या टिकतात, त्यांना तेलपाणी लागत नाही, फुसही निघत नाही. पण जुलैच्या दुपारी त्या तव्यासारख्या तापतात, आणि हौदाशेजारी पायात चपला कुणी घालत नाही. गडद रंगाच्या तर घेऊच नयेत.

पाइनच्या फळ्या साडेपाच इंच रुंद, इंचभर जाड. १६ फुटी २८ ओळी पुरतात, त्यातल्या हौदाकडच्या सहा-सातांना साचा लावून कमान कापायची. हौदावर आधी ताडपत्री. भुसा पाण्यात गेला की फिल्टर गुदमरतो, आणि पटाशी हातातून निसटली तर अस्तराला भोक. फळ्या ओल्या वाटत असतील, आणि नव्या बहुतेक ओल्याच असतात, तर एकमेकींना चिकटवून ठोका. वाळल्या की आपोआप पाव इंचाची फट पडते. ओल्या फळ्यांमध्ये आधीच फट सोडणाऱ्यांच्या डेकवर पुढच्या वर्षी मुलांच्या बोटांएवढ्या खाचा दिसतात. कमानीकडे फळी त्या आडव्या ठोकळ्यांच्या पुढे दीड इंचापेक्षा जास्त नको. तेल किंवा स्टेन लगेच लावू नका. फळीवर पाण्याचे थेंब टाकून पाहा. ते मोत्यासारखे वर बसले तर लाकूड अजून ओलं आहे. जिरले की लावा. रंगाचा थर देणारं काही नको, ते ओल्या पायाखाली निसरडं होतं आणि सोलतं.

जिन्याचं गणित इथे सुदैवाने सुटतं: ४९ इंच भागिले ७, प्रत्येक पायरीची उठण बरोबर ७ इंच. नियम पावणेआठपर्यंत सूट देतो, पण गुडघ्याची कुरकुर असलेल्यांना हा पाऊण इंच कळतो. पायरी साडेदहा इंच खोल, ३ फूट रुंदीला पायऱ्या पेलणाऱ्या, करवतीच्या दातांसारख्या कापलेल्या तीन बाजू, दोन बाय बाराच्या. सगळ्यात खालची उठण फळीच्या जाडीइतकी कमी कापायला विसरलं की पहिली पायरी ८ इंचांची होते आणि शेवटची ६ ची. माणसं बरोबर तिथेच अडखळतात.

कठड्याबाबत सवलत नाही. डेक ३० इंचांहून उंच, म्हणून निदान ३६ इंचांचा कठडा आणि दोन गजांमध्ये ४ इंचांचा चेंडू जाऊ नये इतकी फट. पण पाण्याभोवतीचं कुंपण म्हणून जो भाग धरला जाईल तो ४८ इंच लागतो. शिडी होती तेव्हा ती उचलून ठेवता येत होती आणि ५२ इंची भिंत हेच कुंपण होतं. जिना कायमचा, म्हणून त्याला दार हवंच: पाण्यापासून लांब, बाहेर उघडणारं, हात सोडला की स्वतः मिटणारं, स्वतः कडी लागणारं आणि कडी ५४ इंचांवर. बिजागरीचं स्प्रिंग दर वसंतात तपासावं. ते ढिलं पडलं की दार कडीला नुसतं टेकून राहतं, लांबून बंद वाटतं. पंप, कुंड्या, खुर्च्या कुंपणाच्या बाहेरून ३ फुटांच्या आत ठेवायच्या नाहीत. चार वर्षांच्या पोराला पंपाची पेटी म्हणजे पायरीच.

पाण्यावर तरंगणारा पालापाचोळा ओढून घेणारी स्किमरची पेटी डेकखाली येऊ नये अशी बाजू निवडावी. नाइलाज असेल तर तिच्यावर दोन कड्यांमध्ये बसणारं, उचलता येणारं झाकण ठेवा. टोपली रोज काढावी लागते. डेकखालची सावलीची जागा क्लोरीनचे डबे ठेवायला आयती वाटते. तिथे ठेवू नयेत, आम्ल तर त्यांच्याजवळ मुळीच नको. बंद जागेत त्यांची वाफ साठते आणि आपण इतक्या निगुतीने बसवलेल्या पट्ट्या-बोल्टांनाच आधी खाते.

सप्टेंबरात अमेरिकेतला कामगार दिन झाला की हौद झाकायची तयारी सुरू होते आणि दोन बोटांची परीक्षा तेव्हा होते. हिवाळी झाकण हौदापेक्षा ३-४ फूट मोठं असतं. ते रेलवरून बाहेर खाली लोंबतं आणि त्याच्या भोकांतून ओवलेली तार रेलच्या खाली आवळली जाते. डेकच्या बाजूला ते झाकण त्या फटीतूनच खाली जायला हवं. अर्धा इंच सोडला असेल तर कापड अडकतं, सुरकुत्या पडतात आणि जानेवारीतल्या वाऱ्याला तिथून शिरकाव मिळतो. सव्वा इंच असेल तर एक जण वरून कापड सोडतो, दुसरा डेकखाली वाकून ते ओढून घेतो आणि तारेला ताण देतो.

बर्फ वितळल्यावर, झाकण काढायच्या दिवशी, सव्वा इंची ठोकळा पुन्हा काढायचा आणि कमानीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फटीत फिरवायचा. साधारणपणे कुठेतरी तो अडतो आणि कुठेतरी सैल जातो. हौद थोडा सरकलेला असतो. जिथे ठोकळा अडेल तिथे फळीवर पेन्सिलने खूण करायची, जिग-सॉ आणायची आणि ती कड पाव इंच मागे घ्यायची.